तह म्हणजे नुसता कागद?

'तह हा नुसता कागद, खरा निकाल रणांगणावर लागतो' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या सोलापूरच्या भुईकोटाचंच घ्या. 1524 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली. निजामशाहीचं म्हणणं, हुंड्यात सोलापूर कबूल केलं होतं. विजापूरकरांनी कानावर हात ठेवले. म्हणजे याद्या झाल्या, लग्न लागलं आणि देण्याघेण्यावरून रुसवा! फक्त हा रुसवा पुढे कैक वर्षं तोफांनी चालला.

मिटला तोही सोयरिकीनेच. हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला. उलट अलीची बहीण निजामशाहाच्या मुलाला. चक्क साटंलोटं. हे जमलं म्हणून दख्खनच्या शाह्या एकत्र आल्या आणि जानेवारी 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा कारभार पाहणारा रामराय मारला गेला, विजयनगर उद्ध्वस्त झालं. रणांगण त्या करारानंतरचं आहे, आधीचं नाही. पाहुण्यांना सिद्धेश्वर तळ्याकाठी नेलं की मी त्या काळ्या तटाकडे बोट दाखवून सांगतो, 'हा हुंड्यातला किल्ला.' ते हसतात, त्यांना थापच वाटते.