मालवणच्या प्रवाळासाठी वर्गणी: रोपणाला द्यायची की नांगर थांबवायला?
(बेळगावकडच्या मंडळींच्या ऑनलाइन धाग्यावरची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरं गेट
ऑक्टोबर उजाडला की आंबोली घाटातून बेळगावच्या गाड्या मालवणला उतरतात. स्कूबा होतो, फोटो पडतात, येताना सोलं-काजू येतात. ज्या प्रवाळावर हे सगळं चाललंय त्याला आपण काय देतो? माझं म्हणणं, बेळगाव-खानापूर-निपाणीच्या डायव्हिंग ग्रुपांनी वर्गणी काढून प्रवाळ रोपणाला द्यावी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तेव्हा काम वन खात्याच्या परवानगीनं आणि अभ्यासू संस्थेकडूनच व्हायला हवं. पण पद्धत गूढ नाही. जिवंत वसाहत (असंख्य सूक्ष्म प्रवाळ-जीवांनी मिळून झालेला गोटा किंवा झुडूप) तोडायची नाही. आधीच तुटून पडलेले ५ ते ८ सेंमीचे तुकडे घ्यायचे, सावलीतल्या टबात, समुद्राच्याच पाण्यात ठेवून न्यायचे, सिमेंटच्या चकतीवर तारेनं किंवा इपॉक्सीनं (घट्ट बसणारा डिंक) पक्के करायचे आणि चकत्या चौकटीवर बांधायच्या. मन्नारच्या आखातात तुतिकोरीनची संस्था २००२ पासून हे करतेय.

गणपत गल्ली
पद्धत बरोबर, प्रवाळ चुकलं अण्णा. प्रवाळ रोपणाच्या व्हिडिओत दिसतं ते बहुतेक ॲक्रोपोरा, म्हणजे सांबरशिंगासारखं फांद्यांचं. ते वर्षाला १० सेंमीही वाढतं, म्हणून दोन वर्षांत 'आधी-नंतर'चा फोटो झकास येतो. मालवणला मुख्यतः गोट्यासारखे पोराइट्स, फेवाइट्स आणि पत्र्यासारखं टर्बिनेरिया. गोट्याची वाढ वर्षाला साधारण १ सेंमी. आज लावलेला तुकडा जेवणाच्या ताटाएवढा व्हायला दहा वर्षं तरी धरा. तेवढ्यात किती कडक उन्हाळे येतील?

प्रवाळाच्या पेशीत शैवाल राहतं, अन्न बहुतांशी तेच पुरवतं. पाणी तापलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानाच्या १ अंश वर चार आठवडे गेले की रंग उडायला लागतो, आठ भरले की मरतूक सुरू होते. चौथं जागतिक विरंजन, म्हणजे जगभर प्रवाळ असं पांढरं पडण्याची लाट, एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात फ्लोरिडात वर्षानुवर्षं लावलेलं प्रवाळ काही ठिकाणी पूर्ण गेलं, रोपवाटिकेतले तुकडे उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. तिथं पैसा, बोटी, शास्त्रज्ञ कशालाच तोटा नव्हता.

तिसरं गेट
म्हणजे ऊन वाढतंय म्हणून झाडं लावायचीच नाहीत? २०२० साली जगभरच्या प्रकल्पांचा आढावा निघाला, त्यात लावलेल्यांपैकी सरासरी ६० ते ७० टक्के जगले असं आहे. इंडोनेशियात सहाकोनी लोखंडी चौकटींवर लावलेल्या प्रवाळानं चार वर्षांत आसपासच्या निरोगी प्रवाळभित्तीइतका चुना साठवायला सुरुवात केली. आणि गोटा-प्रवाळालाही सूक्ष्म तुकड्यांची पद्धत आहे. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीनं १ सेंमीचे चौकोन कापून जवळजवळ लावले की कडा भराभर वाढतात, एकाच वसाहतीचे असल्यानं एकमेकांत मिसळतात.

गणपत गल्ली
त्याच आढाव्यात पुढचं वाक्य वाचा की. निम्म्याहून जास्त प्रकल्पांवर दीड वर्षापेक्षा कमी लक्ष ठेवलं गेलं. दीड वर्षाच्या पोराचा दहावीचा निकाल सांगितल्यासारखं आहे ते! इंडोनेशियातला रोग वेगळा: स्फोटकांनी मासेमारी होऊन तळाचा खडीसारखा चुरा झालेला, नवं पिलू बसलं की खडी उलटून ते मरायचं. चौकटीनं खडी बांधली गेली, स्फोट थांबले होते, म्हणून जमलं. मालवणला खडीचा प्रश्नच नाही. आणि सूक्ष्म तुकड्यांना किनाऱ्यावर वाहत्या समुद्रपाण्याच्या टाक्या लागतात. पंप दोन तास बंद पडला की संपलं. मे महिन्यात लाइट कशी जाते माहितीय ना?

जांबोटी क्रॉस
दोघंही समुद्रात उभं राहून भांडताय. वर बघा जरा. आमच्या खानापूर तालुक्यात जंगल मोडून, डोंगर पोखरून जी तांबडी माती सुटते ती पावसात खालीच जाते. प्रवाळावर गाळाचा थर बसला की पॉलिप (वसाहतीतला एकेक सूक्ष्म जीव) चिकट स्राव सोडून तो ढकलत राहतं, त्यातच शक्ती संपते. उजेड कमी, म्हणजे शैवालाचं काम बंद. वर्गणी उतारावरच्या चरांना, बांधांना द्या. बेळगावच्या माणसाच्या हातात एवढंच आहे.

निपाणीकर
मातीचा मुद्दा खरा, पत्ता चुकला. जांबोटीच्या पश्चिम उताराचं पाणी म्हादईतून (गोव्यात तीच मांडवी) पणजीला समुद्राला मिळतं. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा तर उलटी पूर्वेला, कृष्णेत. (कळसा-भांडुऱ्याचं, म्हणजे म्हादईच्या पाण्याचं भांडण इथं काढू नका, त्याला वेगळा धागा लागेल.) पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेला वाहतो, म्हणजे मांडवीचा गढूळ लोंढा मालवणकडे येत नाही, मुरगावकडे, ग्रँड आयलंडच्या बाजूला सरकतो. तिथंही प्रवाळ आहे, तिथंही आपल्याच गाड्या जातात. तेव्हा बांध घाला, जरूर घाला, पण गोव्याच्या नावानं घाला. मालवणला गाळ आणि गोडं पाणी येतं ते गड, कर्ली आणि कोळंबच्या खाडीतून.

जांबोटी क्रॉस
प्रवाहाचं मान्य. मग मालवणसाठी तुमचं काय म्हणणं?

निपाणीकर
नांगर. एका सिझनमध्ये एकाच जागेवर रोज किती होड्या नांगर टाकतात ते मोजा. नांगर पडताना एक गोटा फोडतो, पण खरं नुकसान साखळी करते. होडी वाऱ्यानं फिरते, साखळी तळावर कंपासासारखी वर्तुळ काढते आणि त्या वर्तुळातलं सगळं घासून जातं. शंभर वर्षांचा पोराइट्स एका दुपारी खरवडला जातो. एकीकडे हे चालू असताना दुसरीकडे चकत्या लावणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं.

उपाय पक्का बोया, म्हणजे तळाला बांधलेला तरंगता फुगा. होडीनं नांगर न टाकता त्याला बांधायचं. कातळ असेल तिथं सुमारे ४५ सेंमी खोल भोक पाडून ३१६ स्टीलचा (न गंजणारं) डोळ्याचा, म्हणजे वर कडी असलेला बोल्ट सिमेंटनं बसवायचा. वाळू असेल तिथं स्क्रूचा नांगर पिळून घालायचा. नुसता काँक्रीटचा ठोकळा टाकू नका, लाटेत सरकतो आणि नांगराच्या दहापट सत्यानाश करतो. दोराच्या मधोमध एक छोटा फ्लोट हवा, म्हणजे ओहोटीला ढिला पडलेला दोर तळाला लागत नाही. वर बोया, त्याला होडीवाल्यानं उचलायचा दोर. पहिली झिजते ती शॅकल, म्हणजे दोर जोडणारी पिनेची कडी. महिन्याला एकदा खाली उतरून पिन बघायची, ती तारेनं बांधून ठेवायची. मे संपताना वरचा सगळा संच काढून घ्यायचा, बोल्ट तेवढा राहतो.

तिसरं गेट
आणि होडीवाला बोया वापरेल? त्याला आपल्या आवडत्या जागेवर थांबायचं असतं.

निपाणीकर
वापरेल, जर जागा त्याला विचारून ठरवली तर. वापरणार नाही, जर बेळगावहून कागदावर ठरवून नेली तर. चार होड्यांना एक बोया दिला तर भांडणं होणार आणि दुसरा होडीवाला शेजारी नांगर टाकणार. एका बोयाला एक होडी, लहान असल्या तर फार तर दोन, हे आधी बोलून घ्यायचं.

गणपत गल्ली
याला माझी वर्गणी. त्यात पर्यटकाला पाण्यात नेण्याआधीची पाच मिनिटंही जोडा. पोहता न येणारा माणूस घाबरला की पहिल्यांदा गोट्यावर उभा राहतो.

तिसरं गेट
बोयाला विरोध नाही. पण नांगरानं आत्ताच फुटलेले तुकडे पडलेत त्यांचं काय? वाळूत लोळत राहिले तर खालची बाजू महिन्याभरात मरते. तेवढे तरी बसवू द्या. नवी चौकट नको, जवळच्याच कातळावर, इपॉक्सीनं. कातळ आधी तारेच्या ब्रशनं घासायचा, शेवाळावर इपॉक्सी धरत नाही. तुकडा जराही हलला तर तळाशी पकड बसत नाही. सिमेंट वापरायचंच तर चकत्या काही आठवडे पाण्यात भिजवून मुरवलेल्या हव्यात, ताज्या सिमेंटचा क्षार पॉलिप जाळतो. आणि सपाट न लावता तिरके लावायचे, म्हणजे गाळ घसरतो.

गणपत गल्ली
फुटलेले परत बसवणं म्हणजे मलमपट्टी, त्याला माझी ना नाही. त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणून बॅनर लावू नका, एवढंच. आणि आकडा मेलेल्यांचाही सांगायचा.

जांबोटी क्रॉस
मग बोयाबरोबर त्याच दोराला, तळाजवळ एक तापमान नोंदवणारा लॉगर बांधा. अर्ध्या तासाला एक नोंद. पण वरचा संच मे संपताना काढणार म्हणताय, तर लॉगर दोराला नको, बोल्टलाच बांधा. नाहीतर नेमके मे अखेरचे आणि जूनचे तापलेले आठवडे कोरे राहतील.

निपाणीकर
बरोबर पकडलंत. बोल्टलाच बांधायचा, त्यावर शिंपले चढतात म्हणून पातळ प्लास्टिक गुंडाळून. जागांची यादी मालवणच्या होडीवाल्यांकडून आली की इथं टाकतो, तोवर कुणी पैसे पाठवू नका.