'कंबोडियाची माणसं युद्ध विसरली' हे कुणी ठरवलं?

शेवंती:
फिरस्ता यांचा अंगकोरच्या प्राचीन देवळांच्या सहलीचा लेख वाचला. फोटो झकास. पण शेवटी 'इथली माणसं सदा हसतमुख, पोल पॉटला केव्हाच विसरली, आपण यांच्याकडून शिकावं' हे वाचून डोकं सणकलं. लाखोंचा बळी घेणारा हुकूमशहा तो. चार दिवस, एक टुकटुकवाला आणि हॉटेलातला पोऱ्या, एवढ्यावर अख्ख्या देशाचं मन कळलं?

मी सतरा वर्षं अमेरिकेत लाँग बीचला राहते. शेजारच्या ख्मेर, म्हणजे कंबोडियन, मावशी, आम्ही त्यांना 'मिंग' म्हणतो, हसतमुखच आहेत. त्यांच्या घरात तांदळाची दोन पिंपं असतात. एक अर्ध्यावर आलं की जीव वरखाली होतो त्यांचा. १९७५ ते ७९, पोल पॉटच्या राजवटीत, पातळ पेजेवर काढली. आई आणि दोन भाऊ त्यातच गेले. हे त्यांनी मला ओळखीच्या अकराव्या वर्षी सांगितलं, तेही पाठमोरं, भांडी घासताना. लाँग बीचच्या ख्मेर निर्वासितांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, वीस वर्षं उलटूनही ६२ टक्क्यांना पीटीएसडी, म्हणजे भोगलेल्या आघाताचा मनोविकार. विसरले म्हणे!

फिरस्ता:
ताई, प्रवासवर्णन होतं ते, प्रबंध नव्हे. तिथले निम्म्याहून जास्त लोक १९७९ नंतर जन्मलेत, त्यांनी काय रडत बसायचं? तुओल स्लेंग, पोल पॉटचा छळतुरुंग, मीही पाहिलं. शाळेचे वर्ग, त्यात लोखंडी खाटा. त्या दिवशी जेवण गेलं नाही. आणि ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या पक्षाच्या, पुढाऱ्यांसाठी न्यायालय झालंच की.

शेवंती:
झालं ना. २००६ ते २०२२, आणि शिक्षा किती जणांना? तिघांना.

काडीपेटी:
पोल पॉट मुळात फोफावला कसा? १९६९ ते ७३ अमेरिकेनं खेड्यापाड्यांवर बॉम्ब ओतले. त्याबद्दल अवाक्षर नाही. लाँग बीचला राहून कसं बोलणार म्हणा.

शेवंती:
माझ्या पत्त्यावर घसरू नका. बॉम्ब पडले, मान्य. डॉक्टर-मास्तर वेचून मारले ते बॉम्बनी नाही.

जुना_दगड:
अंगकोर निघालंच आहे म्हणून. १९८६ ते ९३ आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथं काम केलं. ख्मेर रूज जंगलात, वाटेवर सुरुंग, तेव्हा बाकीचे कुठे होते? नावं ठेवायला मात्र सगळे पुढे.

फिरस्ता:
रसायनांनी घासून दगडाची रया घालवली, ते सोयीस्कर विसरलात.

जुना_दगड:
शेवाळाला रया म्हणतात होय? पाणी मुरून दगड सुटत होते.

काडीपेटी:
आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींनी पोल पॉटला हटवून आलेल्या कंबोडियाच्या नव्या सरकारला मान्यता दिली, तेव्हा युनोतली खुर्ची पोल पॉटवाल्यांकडेच होती. कुणाच्या मतांवर? लोकशाहीवाल्यांच्या!

फिरस्ता:
ते सरकार व्हिएतनामी रणगाड्यांवर बसून आलेलं. तेही लिहा.

शेवंती:
दगड, खुर्ची, रणगाडे. माणसांचं कुणाला पडलंय?

ओली_भेळ:
माझ्या मुलीच्या वर्गातल्या ख्मेर पोरीच्या पाठीवर लाल पट्टे दिसले. शाळेनं सरळ पोलीस बोलावला. मारहाण नव्हतीच. ताप आला म्हणून आजीनं बाम चोळून नाण्यानं खरवडलं होतं, त्यांच्याकडे 'वारा' काढतात तसं. दुभाषा येईपर्यंत आजी गणवेशाकडे बघत थरथरत बसलेली. नातीला काहीच कळेना, घरात कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

शेवंती:
अगदी हेच. मिंगचा भाचा थायलंडच्या छावणीत जन्मला. पोरवयात मारामारी केली, शिक्षा भोगली, सुटला. अमेरिका-कंबोडियाच्या २००२ च्या करारानंतर अशांनाही कंबोडियात धाडतात. त्यालाही धाडलं. त्या देशाच्या मातीला पाय लागलेला नव्हता पोराचा.

काडीपेटी:
गुन्हा केला तर धाडणारच.

ओली_भेळ:
आत्ता अमेरिकेला शिव्या घालत होतात ना? एवढ्यात पटली?

फिरस्ता:
बरं बाई. 'विसरली' काढून टाकतो लेखातून. 'हसतमुख' ठेवायला परवानगी आहे ना?

शेवंती:
ठेवा. फोटो मिंगला दाखवले. देवळाकडे बघितलंही नाही. मागच्या भातखाचरावर बोट ठेवून कापणी झाली का विचारत होत्या. झाली होती का?

जुना_दगड:
शेवाळाचं उत्तर अजून आलेलं नाही.