साथरोग आराखड्यात स्त्री-पुरुष भेद नेमका कुठे धरायचा?

प्रश्न (ऐरोली)
प्रभागाचा साथरोग आराखडा लिहिते आहे. जुन्या मसुद्यात शेवटी एकच वाक्य आहे: ‘महिलांची विशेष काळजी घ्यावी.’ त्यावरून कुणाला काय करायचं ते कळत नाही. कोणत्या तक्त्यात, कोणत्या खरेदीत बदल करू? आंतरराष्ट्रीय नियमांचा आधार मिळेल का?

उत्तर (घोडबंदर रोड)
आधार आहे, पण तोकडा. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 2005 चं कलम 32 लिंगभावाचा विचार करायला सांगतं, तेही प्रवाशांपुरतं. प्रभागासाठी तुम्हालाच लिहावं लागेल.

सुरुवात लाइन लिस्टपासून, म्हणजे एकेका रुग्णाची नोंद असलेल्या यादीपासून करा. वय आणि लिंग यांचे वेगळे तक्ते नकोत, दोन्ही एकाच तक्त्यात आडवे-उभे हवेत. नाहीतर विशीतल्या बायकांमधली वाढ एकूण आकड्यात बुडते. तृतीयपंथींचा रकाना ठेवा. गरोदर की स्तनदा, व्यवसाय काय, घरात आजाऱ्याची शुश्रूषा कोण करतं, हेही विचारा. आणि स्त्री-रुग्ण कमी दिसले, तर आधी स्त्रियांच्या चाचण्या किती झाल्या ते बघा. चाचणीच झाली नसेल तर आजार कमी आहे असं म्हणता येत नाही.

उत्तर (तुर्भे)
लसीचं आधीच ठरवा. कोविड लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं, गरोदर महिलांना परवानगी 2 जुलैला मिळाली. लसीच्या चाचण्यांतून त्यांना वगळतात, म्हणून माहिती नसते आणि माहिती नाही म्हणून परवानगी अडते. परवानगी प्रभागाच्या हातात नाही. समुपदेशन, संमतीपत्र आणि पाठपुराव्याची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून तयार ठेवता येते.

झिका (डासांतून पसरणारा, गर्भातल्या बाळाला अपाय करणारा विषाणू) आला तर सूचना फक्त बायकांना देऊ नका. तो लैंगिक संबंधांतूनही पसरतो, त्यामुळे बाधित भागातून आलेल्या पुरुषांनी तीन महिने निरोध वापरायचा असतो. एल साल्वाडोरने 2016 मध्ये बायकांना 2018 पर्यंत गर्भधारणा टाळायला सांगितलं, आणि तिथे गर्भपाताला पूर्ण बंदी! असला सल्ला पाळायचा कसा?

उत्तर (कळवा)
खरेदीत पीपीई (मास्क, कव्हरऑल अशी संरक्षक साधनं) मापनिहाय मागवा. एकाच मोठ्या मापात मास्क नाकाशी, गालाशी बसत नाही, कडेने हवा शिरते. निविदेत निदान दोन मापं आणि फिट टेस्टची (मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याच्या चाचणीची) अट घाला. कव्हरऑल (अंगभर झाकणारा पोशाख) एकदा काढला की पुन्हा घालता येत नाही, म्हणून मासिक पाळीच्या दिवसांतही निभेल अशी कमी तासांची ड्यूटी लावा, पॅड साठ्याच्या यादीत धरा.

प्रसूती, गर्भनिरोधक, गर्भपात या ‘बंद न करण्याच्या सेवा’ म्हणून लिहा. गर्भपाताला कायद्याने 20 आठवड्यांची, ठराविक गटांना 24 आठवड्यांची मुदत असते. ओपीडी बंद राहिली तर ती निघून जाते. प्रत्येक केंद्रापुढे बदली डॉक्टर कोण, तेही लिहा.