मदत हवी आहे: दोन लूपर जुळवू की लॅपटॉपवर जाऊ?

नमस्कार मंडळी. मी गिटार वाजवतो, जोडीदार गातो. दोघांचे लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा फिरवणारं पेडल) वेगवेगळे, मिडी केबलने (वाद्ययंत्रांमध्ये सूचना पाठवणारी केबल) जोडलेत. माझा लूपर क्लॉक (टेम्पो सांगणारे पल्स) पाठवतो, त्याचा लूपर तो घेतो. क्वार्टर नोटला (साधारण एका बीटला) 24 पल्स, त्यामुळे सुरुवात चोख जुळते. पण चार-पाच मिनिटं लूप फिरला की टाळी आणि बेसमध्ये फट ऐकू येते. माझा अंदाज, क्लॉक फक्त टेम्पो सांगतो, रेकॉर्ड झालेला ऑडिओ ज्याच्या त्याच्या घड्याळावर चालतो. दर आवर्तनाला लूप पहिल्यापासून सुरू करायची सोय कुणी वापरतं का?

दुसरा मार्ग लॅपटॉपवरचं एबलटन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर. घड्याळ एकच, बफरही (आवाज पुढे जाण्याआधी जिथे क्षणभर साठतो तो) 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल म्हणजे जेमतेम 2.7 मिलिसेकंद. तरी पायाने समेवर लूप पकडायची मजा मला सोडवत नाही. लॅपटॉपला फूटकंट्रोलर (पायाने दाबायची बटणं) लावून वाजवणाऱ्यांनो, भर कार्यक्रमात लॅपटॉपवर कितपत भरवसा ठेवता?