कपल थेरपी: वर्तनावर भर देणारी की भावनांवर?

कवडसा:
लग्नाला अकरा वर्षं झाली. भांडणाचं कारण रोज वेगळं, पण चाल तीच. मी विषय काढते, तो गप्प होतो, माझा आवाज चढतो, तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. मग तीन-चार दिवस अबोला. आता समुपदेशनाला कसाबसा तयार झालाय, पण "एकाच ठिकाणी येईन, दारोदार हिंडणार नाही" म्हणतो. मी दोघांशी फोनवर बोलले. एक बाई म्हणाल्या, घरी करायला अभ्यास देईन, बोलायचे नियम शिकवेन, कुणी काय बदलायचं ते ठरवून घेऊ. दुसरे गृहस्थ म्हणाले, आधी भावनांवर काम करू, नियमांचं नंतर बघू. कुणाकडे जावं?

रानवाट:
आम्ही आधी पहिल्या प्रकाराकडे गेलो होतो. कागदावर ठरलं: संध्याकाळी तो फोन बाजूला ठेवणार, जेवताना मी पैशांचा विषय काढणार नाही. दोन महिने खरंच बरे गेले. मग मी मोजायला लागले. त्याने फोन ठेवला तरी वाटायचं, ठरलंय म्हणून ठेवला, माझ्यासाठी नाही. दुसऱ्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी आमचं भांडण मध्येच थांबवून त्याला विचारलं, "ही बोलायला लागली की तुम्हाला आत काय होतं?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी नापास झालोय असं वाटतं." मी त्या गप्प बसण्याला इतकी वर्षं बेपर्वाई समजत होते.

सांजवेळ:
मी जोडप्यांचं समुपदेशन करते. रानवाट, तुमची दुसरी थेरपी बहुधा भावनाकेंद्रित, म्हणजे ईएफटी. स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी ती १९८०च्या दशकात मांडली. एकाने मागे लागायचं, दुसऱ्याने दूर जायचं, हे चक्र त्यात आधी पकडतात. कवडसा, तुमचं वर्णन वाचून मलाही तेच आधी सुचलं.

पण वर्तनाच्या पद्धतीला मोडीत काढू नका. "ठरलंय म्हणून केलं" ही अडचण त्याच पद्धतीत काम करणारे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन आणि नील जेकबसन यांनीही ओळखली, आणि बदलाच्या जोडीला एकमेकांच्या स्वभावाचा स्वीकार आणला. जुनी आणि ही नवी पद्धत त्यांनी १३४ जोडप्यांवर ताडून पाहिली. सगळी वर्षानुवर्षं गांजलेली जोडपी होती. पाच वर्षांनी नव्या पद्धतीत ५० टक्के आणि जुनीत ४६ टक्के जोडप्यांमध्ये ठळक सुधारणा टिकून होती. तेव्हा नावापायी झोप घालवू नका. दोघांनाही एवढंच विचारा: "आम्ही तुमच्यासमोर भांडायला लागलो तर तुम्ही काय करता?" नुसतं ऐकत बसणारा समुपदेशक नको.

तोवर, त्यांना उठून जाऊ द्या, पण "अर्ध्या तासाने येतो" असं सांगून. छाती धडधडत असताना कुणालाच नीट ऐकू येत नाही. आणि एक विचारावंच लागतं: घरात मारहाण किंवा कुणाची भीती आहे का? असेल तर जोडीने बसू नका, आधी एकटीने भेटा.

कवडसा:
भीती अजिबात नाही, फक्त एकटेपणा आहे. आज दोघांनाही तो प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, पाळीपाळीने बोलायला लावते. ते गृहस्थ म्हणाले, "तिथेच थांबवतो, आणि जो गप्प झालाय त्याच्याकडे आधी वळतो." फोन स्पीकरवर होता. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, यांचीच वेळ घे. गुरुवारी जातोय.