परदेशी ट्रेनिंगहून घरी परतल्यावर : तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात आमच्या कंपनीतले चौघे ट्रेनिंगसाठी जपानला, नागोयाला गेले. निघायच्या आदल्या दिवशी त्यातला सगळ्यात लहान मुलगा विचारायला आला, थंडीचं काय घेऊ, मेतकूट नेऊ का. सगळं सांगितलं. मग लक्षात आलं, जाताना काय न्यायचं ते सांगणारे ढिगानं असतात. परत आल्यावर काय होतं ते कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा. सहकाऱ्यांबरोबर बाहेर शिकायला गेला असाल, तर घरी आल्यानंतरचं लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

माझ्यापासून सुरुवात. मी चाकणला क्वालिटीत आहे. 2017 साली आम्ही सहा जण पाच आठवडे आइची प्रांतात होतो, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. कुकर एकच, तो माझा. घरून फोन आला की कोण बाल्कनीत जातं, कोणाला रात्री दोनदा जाग येते, सगळं एकमेकांना पाठ झालं होतं. निघायच्या सकाळी उरलेले पोहे, तिखट आणि हिंगाची अर्धी डबी पिशवीत घट्ट बांधून पुढच्या बॅचसाठी कपाटात ठेवली.

नागोयाचा विमानतळ समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर आहे. तिथून बँकॉक, मग मुंबई. रात्री बेल्टवर सहाही जणांच्या बॅगा आल्या आणि पाच आठवडे एका कुकरचा भात खाल्लेले आम्ही दोन मिनिटांत पांगलो. कोणाचा भाऊ आलेला, कोणाची बायको-मुलं. "चला, सोमवारी भेटू." घरी येऊन पाण्याची बाटली टाकायला गेलो तर हात आपोआप तिचं लेबल सोलायला लागले. तिकडे लेबल आणि झाकण वेगळं केल्याशिवाय बाटली टाकत नाहीत. बायको नुसती बघत राहिली.

खरी गोष्ट सोमवारनंतरची. तिथले ऑपरेटर मशीन सुरू करण्याआधी गेजकडे, व्हॉल्व्हकडे, गार्डकडे (मशीनच्या संरक्षक जाळीकडे) एकेक करून बोट दाखवतात आणि मोठ्यानं "योशी" म्हणतात. म्हणजे ठीक आहे. जपानी रेल्वेतून आलेली पद्धत ही. डोळा, हात आणि तोंड एकाच वेळी कामाला लागलं की नजरचूक फार कमी होते. मला ती फार आवडली होती. आल्या आल्या लाइनवर सुरू केली. दोन दिवस लोकांनी केलं, तिसऱ्या दिवशी बंद. प्रेस शॉपमधले एक काका, तीस वर्षं त्याच कामात, मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मी सकाळी मशीनला हात लावून नमस्कार करतो, ते बघता ना? त्या वेळी मी ऑइलची पातळी बघतो, बेल्ट बघतो, गार्ड हलवून बघतो." तो नमस्कार मी कित्येक वर्षं बघत होतो. विचारलं कधीच नव्हतं.

मग बोर्डावरचं "योशी" पुसलं आणि नमस्कारानंतर काय काय बघायचं ते काकांच्या तोंडून लिहून घेतलं. पाच ओळींचा कागद. काका रिटायर झाले, कागद अजून मशीनवर आहे. त्याचं प्लॅस्टिक कव्हर आतापर्यंत तीनदा बदललं.

* * *

काकांचं वाचून राहवलं नाही. मी जालना जिल्ह्यात शेतीच्या विस्ताराच्या, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोचवायच्या कामात आहे. 2014 साली वेगवेगळ्या जिल्ह्यांतले आम्ही सात जण इस्रायलला गेलो होतो, तेल अवीवच्या उत्तरेला शफायिम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे तिथल्या सामूहिक वसाहतीत. विषय ठिबक आणि पाण्याचं नियोजन. शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सगळं बंद. अशाच एका शनिवारी ओळखीतून अश्दोदला एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबाकडे गेलो. दार उघडणाऱ्या आजींनी पहिला प्रश्न केला, "चहा टाकू का आधी जेवताय?" महिनाभरात घरचे आणि आम्ही सात जण सोडून दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं पहिलं मराठी. त्यांचं माहेर अलिबागजवळचं. निघताना म्हणाल्या, "तिकडं समुद्रावर गेलास तर माझा नमस्कार सांग." दोन वर्षांनी गेलो तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगितला.

आता शेतीचं. परत आल्यावर मी चाळीस स्लाइड तयार केल्या. पॉलिहाऊस, सेन्सर, सांडपाणी शुद्ध करून शेतीला कसं वापरतात, सगळं. पहिल्याच गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, "सायेब, आमच्या हिरीला पाणीच न्हाई, त्याचं काय करायचं?" पुढं 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आमच्याकडेही टँकरच होते. त्या प्रश्नावर माझ्याकडे एकही स्लाइड नव्हती.

रात्री वही काढली. तिथला शेतावरचा माणूस रोज सकाळी आल्यावर आधी काय करायचा? फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब बघायचा. फरक वाढला की फिल्टर धुवायचा. बस. आमच्या भागात ठिबक कितीतरी जणांनी बसवलं होतं, पण लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्यांची टोकं बसवल्यापासून कोणी उघडलेली नव्हती. निम्मे ड्रिपर चोंदलेले. झाडाला पाणी पोचत नाही म्हणून मोटार जास्त वेळ चालायची आणि विहिरीतलं होतं-नव्हतं तेही लवकर संपायचं. दुसऱ्या गावात प्रोजेक्टर नेलाच नाही. मोसंबीच्या बागेत एका लॅटरलचं टोक उघडलं आणि पंप चालू केला. आधी काळपट गाळ आला, शेवाळाचे तुकडे आले, मग चहासारखं पाणी, आणि मिनिटाभरानं स्वच्छ धार. कोणी काही बोललं नाही. सगळे उठून आपापल्या ओळींची टोकं उघडायला लागले. तो आवाज, पन्नास ठिकाणी पाणी सुटल्याचा, मला अजून आठवतो.

* * *

मी स्टाफ नर्स. सिंगापूरला सहा आठवडे, आम्ही तिघी. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. एअरपोर्टवर तिनं मला बघितलं आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं. मी हात पुढे केला तर रडायला लागली. सगळे सांगत होते, होतं असं, येईल. चार दिवस ती माझ्याकडे आली नाही. मी तिला भरवलेला घास ती तोंडातून काढून आजीच्या हातात द्यायची.

बरोबरच्या दोघी रोज रात्री फोन करायच्या. एकच प्रश्न, "आली का गं?" व्हिडिओ कॉल झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे ते त्या दोघींनाच माहीत होतं. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पाचव्या रात्री ती आपणहून माझ्या अंथरुणात आली, माझी वेणी मुठीत धरली आणि झोपली. रात्री साडेअकराला मी दोघींना मेसेज केला, "आली." दोघीही जाग्या होत्या.

वॉर्डात काय बदललं? प्रत्येक बेडच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली. जागतिक आरोग्य संघटनेचे हात धुण्याचे पाच क्षण आम्हाला कॉलेजपासून पाठ होते, पण बाटली दहा पावलांवर असली की घाईत हात तसाच पुढच्या पेशंटला लागतो. एवढ्यासाठी तीन महिने अर्ज करावे लागले. तिघी एकत्र जायचो, म्हणून मिळालं.

* * *

आमची गोष्ट चांगली नाही, पण लिहितो. चौघे श्टुटगार्टला रोबोट प्रोग्रॅमिंग शिकून आलो. तीन वर्षांचा बाँड. शेवटच्या संध्याकाळी साठवलेल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये परत केल्या, एकेकीचे पंचवीस सेंट, आणि त्या पैशातून एकच मोठा केक घेऊन चौघांनी खाल्ला. ठरवलं होतं, गेल्यावर रोबोटचा सेल, म्हणजे रोबोट काम करतो ती पूर्ण जागा, आपण एकत्र उभा करायचा. परतल्यावर दहाव्या दिवशी चार बदल्यांच्या ऑर्डर आल्या, चार गावं. दोघांच्या प्लांटला तर रोबोटच नव्हता. शिकलेलं हातातून जाताना कळतं, फार वाईट वाटतं. बाँड संपला त्या महिन्यात दोघांनी राजीनामा दिला.

* * *

मी गेले नव्हते. तरी लिहू का? आमच्या लॅबमधले पाच जण गेले, मी मागे राहिले, कारण सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. पाच आठवडे पाच जणांचं काम आम्ही दोघींनी काढलं. ते आले तेव्हा चॉकलेटं आली, फोटो आले, आणि डब्याच्या वेळी त्यांच्यातल्या गोष्टी सुरू झाल्या. एक जण नुसतं "ती बस!" म्हणायचा आणि पाचही जण हसायचे. चूक कोणाचीच नव्हती. पण मी डबा घेऊन बाकावर बसायला लागले.

दोन आठवड्यांनी त्यातली एक माझ्याजवळ येऊन बसली. हातात दोन वह्या होत्या. तिथे रोज रात्री तिनं स्वतःची वही लिहून झाल्यावर माझ्यासाठी दुसरी लिहिली होती, आकृत्यांसकट, कारण तिला माहीत होतं की मला आकृतीशिवाय समजत नाही. पहिल्या पानावर तारीख आणि माझं नाव. आम्ही रोज सुट्टी झाल्यावर अर्धा तास बसलो, सव्वा महिना. मधेच एकदा तिनं त्या बसची गोष्टही सांगितली.