फुलदाणीतली फुलं जास्त दिवस कशी टिकवता? अनुभव लिहा

दादर किंवा गुलटेकडीच्या बाजारातून आणलेली जुडी दोन दिवसांत मान टाकते, हा बऱ्याच घरांतला प्रकार. तो टाळता येतो. कोणतं फूल, दांडा किती कापता, पाण्यात काय आणि किती घालता ते नेमकं लिहा. "आमच्याकडे छान टिकतात" एवढ्यावर भागवू नका.

मावळकर
गुलाबाने मान टाकली म्हणजे फूल संपलं असं नव्हे. बहुतेक वेळा पाणी वर चढतच नसतं. कापलेल्या टोकातून आधी हवा शिरते, मग पाण्यातले जिवाणू तेच तोंड बुजवतात. म्हणून घरी आणल्याबरोबर दांड्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून धारदार सुरीने 2-3 सेंमी तिरकं कापा. बोथट कात्रीने दांडा चेंगरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पाण्यात बुडणारी पानं काढा, वरची राहू द्या. काटे सोलताना साल निघाली तर कुजणं तिथून सुरू होतं.

मान टाकलेल्या गुलाबासाठी: फूल वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा, दांडा पुन्हा कापा, कोमट पाण्यात मानेपर्यंत दोन तास उभा ठेवा. कळी फारच कच्ची तोडलेली असेल तर मात्र उपाय नाही. त्यामुळे घेतानाच बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागलेली कळी निवडा.

निर्मळपाणी
नुसती साखर घालू नका! साखर फुलाला मिळते तशी जिवाणूंनाही मिळते आणि दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं. 1 लिटर पाण्याला साखर 1 मोठा चमचा, लिंबाचा रस 2 मोठे चमचे आणि बिनवासाचं साधं ब्लीच पाव छोटा चमचा. आंबट पाणी दांड्यातून लवकर चढतं, ब्लीच जिवाणू रोखतं. ब्लीच आणि लिंबू थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आधी पाण्यात लिंबू-साखर विरघळवा, ब्लीच शेवटी. दर दोन दिवसांनी सगळं पाणी बदला, फुलदाणी साबणाने आतून घासा, दांडा 1 सेंमी पुन्हा कापा. नुसती वरून भर घालून उपयोग नाही, बुळबुळीत थर काचेला चिकटून राहतो.

रंगीत_जरबेरा
वरची कृती जरबेराला जशीच्या तशी नको. त्याचा दांडा लवदार आणि मऊ, खोल पाण्यात लगेच सडतो. फक्त 5-7 सेंमी पाणी, साखर नाही, ब्लीचचे दोन-तीन थेंब. जरबेरा कापत नाहीत, ओढून तोडतात. त्यामुळे बुडखा कठीण असतो आणि पाणी ओढत नाही. खालचा 3-4 सेंमी भाग काढून टाका.

निशिगंधा
निशिगंध आणि ग्लॅडिओलस खालून वर उमलतात. खालची दोन-तीन फुलं उमललेली छडी घ्या. इथे मात्र साखर हवीच, वरच्या कळ्या तिच्याच जोरावर उघडतात. सुकलेली फुलं रोज खुडा. ग्लॅडिओलस आडवा ठेवला की शेंडा वर वळतो आणि वाकडाच राहतो.

मोगरी
फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ नको. पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने कार्नेशन मिटतं, ऑर्किडची फुलं गळतात. अँथुरियम फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने काळं पडतं.

लंडनहून
इकडे वसंतात डॅफोडिल स्वस्त मिळतात. त्यांच्या दांड्यातून चिकट रस गळतो, तो शेजारच्या ट्यूलिपना मारक. रात्रभर वेगळ्या भांड्यात ठेवा, मग एकत्र लावा, पण पुन्हा कापू नका, रस परत सुटतो.

निर्मळपाणी
पाण्यात नाणं टाकायचं का, असं बरेच जण विचारतात. तांब्यामुळे जिवाणू मरतात ही त्यामागची कल्पना, पण हल्लीची 1-2 रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असतात. काही होत नाही.

मोगरी
लिलीबद्दल राहिलं. कळी उघडताच आतले परागकोश बोटांनी काढा, ते वाळून फुटले की कपड्यांवर पडलेला डाग निघत नाही. घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा तिची किडनी निकामी करू शकतं.